जेवणापुरती सरळ पाठ

तडजोड अधिकाऱ्याच्या नोकरीत एक सोय होती. भांडण कुणाचंही असो, ते बसून ऐकता यायचं. कामगार खात्यातल्या त्याच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. एका बाजूला मालक बसायचे, दुसऱ्या बाजूला कामगार, आणि टोकाला हा, पाण्याचा जग आणि कुणाचीच बाजू न घेणारा चेहरा घेऊन. उभ्या आयुष्यात त्याने एकच तत्त्व पाळलं होतं, की भांडणाच्या मुळाशी जायचं. मूळ सापडेपर्यंत बरेचदा कारखानाच बंद पडलेला असायचा, पण तो दोष तत्त्वाचा नव्हे. घरात बायको त्याला ‘लवाद’ म्हणायची. नळ गळायला लागला तर हा आधी नळाची बाजू ऐकून घेतो, अशी तिची तक्रार होती.

आज मात्र टेबल नव्हतं. तो विमानाच्या स्वस्तातल्या वर्गात, मधल्या खुर्चीत, दोन्ही कोपरं पोटाशी घेऊन बसला होता. खिडकीशी बायको होती आणि वाटेच्या कडेला वडील. खाली ढग अंथरलेले होते, इतके सपाट आणि पांढरे, की उतरून चालावंसं वाटावं. माणूस इथवर आला, वाऱ्यावर खुर्च्या मांडून बसला, आणि तरीही हाताच्या दांडीवर कोपर कुणाचं, हा प्रश्न त्याला सुटलेला नाही, असा एक विचार लवादाच्या मनात येऊन गेला. धंद्याच्या दृष्टीने तो त्याला दिलासा देणारा वाटला.

त्याचे वडील शाळेत कवायत शिकवायचे. सगळं गाव त्यांना ‘सर’ म्हणायचं, घरातही तेच रुळलं होतं. फक्त सुनेने येताच ‘बाबा’ सुरू केलं आणि त्यांनी ते चालवून घेतलं. सरांनी व्हरांड्यातून नुसतं ‘ताठ बसा’ म्हटलं, की वर्गच काय, शेजारच्या खोलीत चहा पिणारे हेडमास्तरही ताठ व्हायचे. गेल्या वर्षी झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची एक कड खाली ओघळली, आणि तो आवाज दोन-तीन शब्दांपुरता उरला. डॉक्टरांनी जेवणाची पद्धत घालून दिली होती: पाठ सरळ, अंग पुढे, हनुवटी छातीकडे, मग घास. मागे टेकून गिळायला गेलात तर घास श्वासाच्या वाटेत जाईल, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

ते सगळं सरांनी पाळलं. आपल्याकडून फक्त एक नियम वाढवला. ताट खोलीत न्यायचं आणि दार ओढून घ्यायचं. झटक्यानंतर त्यांना जेवताना कुणीही पाहिलेलं नव्हतं. मोकळं ताट बाहेर यायचं, त्यावरून ते जेवले हे कळायचं.

आता अडचण अशी होती, की ते लेकीकडे राहायला निघाले होते, आणि लेकीच्या घरात ओढून घ्यायला दारच नव्हतं. दोन खोल्यांचा संसार, एक टेबल, त्याभोवती सगळे. ‘जमलं तर राहीन, नाहीतर याच्याबरोबर परत,’ एवढंच सर म्हणाले होते. लेक तिकडे दिवस मोजत होती. विमानात मी जेवणार नाही, हे मात्र त्यांनी घरातून निघतानाच सांगून टाकलं होतं.

“इथे नाही जेवले तर तिथेही नाही जेवणार,” बायको विमानतळावर हळूच म्हणाली होती. “तुम्ही बघाच.”

जेवणाची गाडी आली. गरम भाताचा आणि वाफाळलेल्या भाजीचा वास रांगेरांगेने मागे सरकत आला. हवाईसुंदरीने (नाव सुंदरी असलं तरी चेहऱ्यावर पहाटेपासूनची ड्यूटी स्पष्ट दिसत होती) बायकोला ट्रे दिला, लवादाला दिला, आणि सरांकडे पाहून मानेनेच विचारलं. लवाद ‘नको’ म्हणण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले,

“मला... पण.”

बायकोच्या हातातला चमचा तिथेच थांबला. लवादाने वडिलांकडे पाहिलं नाही. देवळात अचानक घंटा आपोआप वाजली तर माणूस जसा हलत नाही, तसा तो हलला नाही. ट्रे आला. सरांच्या पुढ्यातल्या घडीच्या टेबलावर ठेवला गेला. आणि तिथे घोडं अडलं.

पुढच्या खुर्चीची पाठ मागे पडलेली होती. तीही अशी, की टेबलाच्या निम्म्यावर तिचं छप्पर झालं होतं. भात छपराखाली आणि सर छपराबाहेर. पुढे वाकावं तर कपाळ समोरच्या पडद्यावर आपटावं, न वाकावं तर गिळता येऊ नये. सरांनी एकदा वाकून पाहिलं, कपाळ टेकलं, ते मागे झाले. डावा हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“माझ्या जागी या बाबा,” बायको म्हणाली, आणि मग तिचं तिलाच दिसलं, की तिच्यापुढचीही खुर्ची तशीच पडलेली आहे. लवादाच्या पुढचीही.

लवाद आपला ट्रे बायकोकडे देऊन वडिलांच्या गुडघ्यांवरून कसाबसा वाटेत आला आणि पुढच्या खुर्चीतल्या माणसाकडे वाकला. माणूस लांबट होता. एवढा, की त्याला घडी घालून खुर्चीत ठेवल्यासारखं वाटत होतं.

“माफ करा हं. जेवणापुरती खुर्ची जरा सरळ कराल का?”

“करतो की,” लांबट समोरच बघत म्हणाला. “यांना सांगा आधी. यांची खुर्ची माझ्या छातीवर आहे. त्या सरळ झाल्या की मी सरळ.”

ही भाषा लवादाच्या अगदी ओळखीची होती. ‘आधी त्यांनी’ या दोन शब्दांवर त्याची पेन्शन उभी राहणार होती. त्याने हवाईसुंदरीला गाठलं.

“खुर्च्या सरळ करायची घोषणा केली होती साहेब,” ती म्हणाली. “पण ती विनंती असते. आणि सगळ्यांनी कानात बोंडं घातलीयत. मी पुन्हा सांगून बघते, गाडी एवढी पुढे नेली की.”

“दुसरी जागा?”

“एकही नाही. आमची स्वतःची बसायची मारामार आहे.”

तो वळला तर बायको खिडकीकडून मान लांब करून बघत होती. “अहो, त्या लांबोट्यालाच नीट सांगा ना. दोन मिनिटांचं काम.”

“त्याचा दोष नाही. त्याच्या पुढून येतंय ते. मी मुळाशी जाऊन येतो.”

“तोवर भात गार होईल,” बायको म्हणाली. लवाद तोवर निघालेला होता.

लांबटाच्या पुढे एक बाई सिनेमा पाहून रडत होत्या. त्यांनी कानातलं एक बोंड काढलं. लवादाने आवाज खाली आणून सगळं सांगितलं: वडील, झटका, गिळण्याचा त्रास, वाकायला लागणारी जागा. त्याचा खाली आणलेला आवाज हा तीस वर्षं सभागृहांत घडवलेला आवाज होता. तो फक्त समोरच्याला ऐकू जातोय अशी लवादाची समजूत होती, आणि ती समजूत दूर करायला आजवर कुणी धजलं नव्हतं.

“अगंबाई,” बाई म्हणाल्या. “करते ना मी. पण हे बघा, पडदा माझ्या नाकाला लागलाय. मघापासून मला नायकाची एक भुवई दिसतेय. तिच्यावरच रडतेय मी. पुढच्यांना सांगा थोडं.”

पुढचे गृहस्थ झोपलेले होते. शेजारी त्यांची पत्नी जेवत होती आणि नवऱ्याच्या ट्रेमधलं गोडही तिने जवळ ओढून घेतलं होतं. तिनेही वडिलांची हकिगत ऐकली, चुकचुकली.

“माझी काही हरकत नाही हो. पण यांना उठवलं तर उतरेपर्यंत मला ऐकावं लागेल. आणि यांनी काही आपणहून नाही टेकलं. ते पुढचे आहेत ना, ते टेकले, मग हे टेकले. तेवढं मात्र खरं सांगते.”

पुढचे वकील निघाले. तसं त्यांनी पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं. त्यांच्या ट्रेचं टेबल पोटात रुतलेलं होतं, आणि ते पाव हनुवटीखाली धरून मोडत होते.

“मी खुर्ची सरळ करायला तयार आहे,” वकील म्हणाले. “पण त्याचा अर्थ मी मुळात ती मागे घ्यायला नको होती, असा होणार नाही. माझा हक्क अबाधित ठेवून करीन. आणि माझ्यापुढे पहिली रांग आहे. तिच्यापुढे भिंत. भिंत काही कुणाच्या अंगावर येत नाही. तेव्हा जे काही सुरू झालं, ते तिथून.”

मूळ सापडलं होतं. नोकरीत त्याला ते क्वचितच सापडायचं, आणि सापडायचं तेव्हा त्याला आतून एक कोवळा आनंद व्हायचा. तो आनंद घेऊन, सदऱ्याची बाही सारखी करत, लवाद पहिल्या रांगेपाशी पोचला. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. बाईसाहेब, आपल्या एका कृतीमुळे, असं ते सुरू होणार होतं.

पहिल्या रांगेत एक तरुण बाई खुर्ची पार मागे टाकून आडवी झाली होती, आणि तिच्या छातीवर पालथं पडून एक बाळ झोपलं होतं.

लवादाला आठवलं. विमान उडाल्यापासून हेच रडत होतं. सगळ्या विमानाने ते ऐकलं होतं, सगळ्यांनी बोंडं घातली होती ती त्याच्यासाठीच. मग कधीतरी ते थांबलं, आणि नको असलेलं काही थांबलं की त्याची आठवण कुणी ठेवत नाही, तसं सगळे विसरून गेले होते.

आता ते झोपलं होतं. तोंड अर्धं उघडं, ओठाच्या कडेला दुधाचा एक बुडबुडा, श्वासाबरोबर फुगणारा आणि बसणारा. एक मूठ आईच्या गळपट्टीत अडकवलेली. शेजारच्या खिडकीतून ऊन येत होतं, ते त्याच्या कानावर पडून कान आतून लाल दिसत होता. पलीकडे ढगांचं ते पांढरं मैदान, आभाळाला टेकेपर्यंत. त्या सगळ्या पसाऱ्यात हलत होता तो फक्त बुडबुडा.

लवादाने मान वळवून मागे पाहिलं. वकील, झोपलेले गृहस्थ, रडणाऱ्या बाई, लांबट, आणि सगळ्यात शेवटी, छपराआड, वडिलांचं पांढरं डोकं. एकामागे एक कललेली माणसं. ती आडमुठेपणाने कलली आहेत अशी त्याची इतका वेळ समजूत होती. मुठीएवढ्या एका झोपेचं वजन एवढ्या लांबवर पोचलं होतं. त्याचं जुळवून आणलेलं वाक्य कुठे गेलं, ते त्याला कळलं नाही.

“काय हवंय?” बाईने ओठांनीच विचारलं.

“काही नाही.”

“खुर्चीचं ना? मागचे काका दोनदा खाकरले. मला कळतं हो. पण आत्ताच डोळा लागलाय त्याचा.” तिने सुस्कारा सोडला. “थांबा, करते सरळ.”

तिचा हात दांडीवरच्या बटणाकडे गेला. तेवढ्या हालचालीने बाळाच्या कपाळाला आठी पडली, खालचा ओठ बाहेर आला.

“नको,” लवाद म्हणाला. “हात लावू नका बटणाला.”

समोरचा पक्ष आपणहून माघार घेत असताना त्याला अडवायचं, असं त्याने उभ्या नोकरीत केलं नव्हतं. बाई त्याच्याकडे पाहत राहिली. तिचा ट्रे झाकणासकट पायांशी खाली ठेवलेला होता.

“तुम्ही जेवला नाहीत?”

“हा उठला की.”

तो परत फिरला. वकिलांनी पाव खाली ठेवला. “मान्य केलं त्यांनी?”

“बाळ झोपलंय त्यांच्या अंगावर.”

“तेच का, मघाचं?”

“तेच.”

त्यांच्या मागच्या रांगेत झोपलेल्या गृहस्थांच्या पत्नीने भुवया उंचावल्या, लवादाने तिलाही एवढंच सांगितलं. रडणाऱ्या बाईंना सांगितलं. लांबटाने विचारलं नाही, त्यालाही सांगितलं. आपल्या वडिलांबद्दल मात्र येताना त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. सगळ्यांनी ‘हं’ केलं. हं म्हणजे काय, हे सांगता येणारा तडजोड अधिकारी अजून जन्माला यायचा होता.

जागेपाशी आला तर सरांच्या ट्रेवर कागदी रुमाल पसरलेला होता. कडा चारही बाजूंनी नीट खोचलेल्या.

“झालं समाधान?” बायको दातांतल्या दातांत म्हणाली. “गिळता येत नाही, वाकावं लागतं, सगळ्या विमानाला ऐकवलंत. कुणी म्हणून ऐकायचं राहिलं नाही. आता जेवतील ते?”

“मी हळू बोललो.”

“तुम्ही हळू बोलता तेव्हा खालच्या ढगांनाही कळतं.”

“सर,” लवाद वाकून म्हणाला, “थोडं खाऊन घ्या. मी असा आडवा उभा राहतो.”

“नको.” सर पुढच्या पडद्याकडे बघत होते. “बघतील.”

आपण मुळाशी गेलो आणि येताना वडिलांच्या खोलीचं दार बिजागरीसकट उखडून आणलं, हे लवादाला आता दिसलं. तो वाटेत उभा राहिला. बहिणीला काय सांगायचं, याचा विचार त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता.

तेव्हा पुढून बारीकसा ‘खट्’ झाला.

त्याने मान वर केली. वकिलांची खुर्ची हळूहळू उभी राहत होती. त्यांच्यापुढची पडलेलीच होती, त्यामुळे वकील आता भिंतीत चिणल्यासारखे झाले असणार. त्यांचं टक्कल वर वर आलं आणि थांबलं. मग क्षणभर काहीच नाही. मग त्यांच्या मागच्या रांगेत पत्नीचा हात झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावरून पलीकडे गेला, बटण दाबलं गेलं, आणि गृहस्थ खुर्चीसकट झोपेतच उभे होत गेले. डोकं एकदा डावीकडे कललं, तिने ते आपल्या खांद्यावर घेतलं. रडणाऱ्या बाईंनी डोळे पुसले. खट्.

राहिला लांबट.

लांबटाने आधी पाय गोळा केले. ते कुठे ठेवायचे याचा बराच वेळ विचार केला. एक वाटेत काढला, परत आत घेतला. मग त्याची खुर्ची उठायला लागली, आणि सरांच्या टेबलावरचं छप्पर हळूहळू सरकत पुढे गेलं. ट्रेवर उजेड पडला.

पण लवाद बघत होता ते वेगळंच. एवढी माणसं उठून बसली, आणि त्यांतलं एकही मागे वळलं नाही. माणसाला मागे काय चाललंय हे बघायची केवढी खाज असते, ते त्याच्या खात्याला विचारा. इथे सगळ्यांना ठाऊक होतं मागे कोण आहे, त्याला काय झालंय, तो कसा जेवणार आहे. लवादानेच घरोघर जाऊन सांगितलं होतं. तरी एक मान हलली नाही. सरळ पाठींच्या उंच, निळ्या फळ्या एकीमागे एक उभ्या राहिल्या, आणि कुणीतरी ओढून घेतल्यासारखं सगळ्यात जवळचं दार सरांच्या समोर लागलं.

सरांनी त्या फळीकडे पाहिलं. मग तिच्या कडेने दिसणाऱ्या रांगेकडे. सकाळच्या मैदानावर शेवटच्या टोकाला उभं राहून रांग सरळ आहे का हे बघायचे, तसं त्यांनी एक डोळा बारीक केला.

मग त्यांनी रुमाल उचलला.

बायकोने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि ती ढगांकडे असं बघायला लागली, जणू तिला त्यांच्यावर परीक्षा द्यायची होती. लवाद वडिलांचे गुडघे ओलांडून आत आला. बसायला गेला आणि त्याला आपली स्वतःची खुर्ची दिसली. ती पार मागे पडलेली होती. उडल्या उडल्या टेकवली आणि विसरला. तिच्या मागे चष्मा लावलेल्या एक आजी ताटात नाक घालून जेवत होत्या. त्यांनी मान वर केली, त्याच्याकडे शांतपणे पाहिलं, आणि पुन्हा भाताकडे वळल्या. एवढा वेळ तो पुढे न्याय मागत फिरत होता तो त्यांनी इथे बसून ऐकला असणार. त्याने उभ्यानेच बटण दाबलं. मागून आजींचं “आता कसं” एवढं ऐकू आलं. नंतर आजींच्याही मागे एक ‘खट्’ झाला, मग त्याच्याही मागे कुठेतरी. तिकडे बघायचं त्याने टाळलं. आजची रीत त्याला आता समजली होती.

सर जेवले. पाठ सरळ, अंग पुढे, हनुवटी छातीकडे. डाव्या हातातला चमचा थरथरत वर यायचा, आणि तोंड त्याला अर्ध्या वाटेवर भेटायला जायचं. लवादाला हे दिसत नव्हतं, तो समोर बघत होता. पण चमच्याचा ट्रेवर होणारा आवाज त्याला ऐकू येत होता, घास, थांबणं, गिळणं, पुन्हा चमचा, आणि प्रत्येक गिळण्याबरोबर त्याचाही घसा हलत होता. एकदा काहीतरी खाली सांडलं. चमचा थांबला. लवादाने डोळे मिटले. मग चमचा पुन्हा सुरू झाला.

हवाईसुंदरी ट्रे गोळा करत आली, सरांच्या रांगेपाशी एक पाऊल लांब टाकून पुढे निघून गेली.

फार वेळाने लांबटाचा आवाज आला. मान समोरच होती.

“आजोबांचं गोड झालं का खाऊन?”

उत्तर कुणी द्यायचं, असा प्रश्न पडला. लवादाने तोंड उघडलं आणि बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

“झालं,” सर म्हणाले.

त्यांनी तोंड पुसलं. रुमालाची घडी केली, एका हाताने, ट्रेवर दाबून. मग छाती भरून घेतली. व्हरांड्यातला तो आवाज आला नाही, येणारही नव्हता; त्याच्याऐवजी फाटका, हवेत अर्धा हरवणारा एक शब्द पुढच्या निळ्या फळीवर जाऊन पोचला.

“विश्राम.”

लांबटाचे खांदे हलले. तो हसत असावा. त्याची खुर्ची मागे आली, पण चार बोटं फक्त, आणि तिथेच थांबली. त्याच्यापुढे बाईंची आली, तीही तेवढीच. वकिलांची आली नाही. पहिल्या रांगेत बाळाने एकदा कूं केलं, सगळं विमान कान देऊन थांबलं, आणि ते पुन्हा झोपलं.

सर बराच वेळ खिडकीकडे बघत होते. ढग आता सोनेरी व्हायला लागले होते.

“तिच्याकडे,” ते म्हणाले, “टेबल... केवढंय?”

लवाद त्यांच्याकडे वळला. “ताईकडे? चौघांचं आहे सर. तुमच्यासाठी पाचवी खुर्ची घ्यावी लागेल.”

सरांनी मान हलवली. विचार केला.

“ताठ पाठीची,” ते म्हणाले. “घे.”